सीगी हुण्णिमेची ओटी

परवा शेजारच्या घरातून तीळ भाजल्याचा वास आला आणि मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. तसा वास चांगलाच असतो. तीळ तडतडायला लागले की जो खमंग, किंचित कडवट वास सुटतो, त्यावर जीव टाकणारी माणसं आमच्याच घरात आहेत. माझ्या मात्र घशाशी येतं. लवंग तोंडात धरून मी जरा वेळ ओट्याला टेकून उभी राहिले. कॅलेंडर बघायची गरजच नव्हती. सीगी हुण्णिमे आली होती.

एरवी मराठी घरांत जिला कोजागरी म्हणून दूध आटवतात, तीच आश्विनातली पौर्णिमा आमच्या धारवाडकडे दिवसा, शेतात साजरी होते. या दिवसांत जमीन गरोदर असते असं इथे मानतात. मग घरच्या बायका शेतात जाऊन तिची ओटी भरतात आणि तिचे डोहाळे पुरवतात. तिळाची पोळी, शेंगांची पोळी, कडबू, बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, भरली वांगी, चित्रान्न, दहीभात. यातलं थोडं थोडं एका टोपलीत कालवायचं आणि घरच्या पुरुषांनी हाका घालत ते शेतभर उधळायचं. त्याला चरगा म्हणतात. माहेरी आमच्याकडे शेती नव्हती. वडील हुबळीच्या कोर्टात वकील, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी इतकी हरखले होते की फोटो काढकाढून मैत्रिणींना पाठवले. 'किती सुंदर कल्पना आहे ना' असं खाली लिहिलंही होतं. आता त्या फोटोतली ती हिरव्या साडीतली हसरी बाई दिसली की तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

सुंदर कल्पना. जमीन म्हणजे बाई आणि बाई म्हणजे जमीन. या एका उपमेचा मला पुढे इतका वीट आला की कुणी नुसतं 'सुपीक' म्हटलं तरी अंगावर काटा येई.

हुबळीच्या डॉक्टरीणबाईसुद्धा तीच उपमा द्यायच्या. बाई चांगल्या होत्या, हसऱ्या, हातात भरपूर बांगड्या. "जमीन छान आहे हो तुमची, बी पण छान आहे. फक्त वेळ जुळत नाही," असं त्या पडद्याकडे बघत म्हणायच्या. पडद्यावर माझं अंडाशय असायचं. पीसीओएस म्हणजे काय ते त्यांनीच समजावून सांगितलं. अंडी तयार व्हायला लागतात, पण धड एकही पिकत नाही, अर्धवट तशीच कडेकडेने बसून राहतात. "बघा, मोत्यांची माळ दिसते," त्या कौतुकाने म्हणाल्या. मला मोती दिसले नाहीत. मला भिजवलेला साबुदाणा दिसला. त्या दिवसापासून आमच्या घरी उपासाला खिचडी होत नाही आणि श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं कारण मी कधी सांगितलं नाही.

आजार म्हणावा तर ताप नाही, दुखणं नाही. पाळी मनात येईल तेव्हा यायची, दोन-दोन महिने गायब व्हायची, आली की मुक्काम ठोकायची. हनुवटीवर राठ केस. मानेवर काळा पट्टा, कितीही घासला तरी न जाणारा. पार्लरमधली पोरगी दोरा दातात धरून विचारायची, "अक्का, हे घरी उपटता काय? नका उपटू, आणखी येतात." कमरेचा घेर वाढत होता आणि त्यावर गावातल्या प्रत्येकाचं मत होतं. डॉक्टरीणबाईंचंही एक ठरलेलं वाक्य होतं. वजन कमी करा, सगळं ठीक होईल. "वजन कम्मी माड्रि, एल्ला सरि आगतद." मी कारल्याचा रस प्यायले. मेथीचं पाणी प्यायले. पहाटे केलगेरीच्या तळ्याभोवती चालले, जिथे माझ्यासारख्याच चार-पाच जणी एकमेकींची नजर चुकवत चालत असायच्या. गोळ्यांनी दिवसभर जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव राहायची. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता मळमळायचं आणि मी खडू खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

माझ्या थोरल्या जाऊबाई, वैनी म्हणतो आम्ही त्यांना, त्यांनी जुन्या हुबळीतल्या कुठल्याशा गल्लीतून काढा आणून दिला. त्याचा वास मी अजून विसरलेले नाही. पावसात भिजून कोंडलेल्या पोत्याचा वास, त्यात एरंडेल. "नाक धरून घे, मेघा. माझ्या मावसबहिणीला ह्यानंच झालं," वैनी म्हणाल्या. मी नाक धरून घेतला आणि नाक धरूनच ओकले. वैनींना दोन मुलगे. त्या वाईट नव्हत्या, कधी टोमणाही मारला नाही. फक्त कुणाचंही तान्हं बाळ घरी आलं की त्या ते उचलून थेट माझ्या मांडीवर आणून ठेवायच्या, शकुनाचं म्हणून. बाळ रडायचं. बिचाऱ्याला ही कोण कुठली बाई, काय कळणार. दुधाची ओकारी माझ्या पदरावर आणि चारी बाजूंनी बायका माझ्या चेहऱ्याकडे बघताहेत. मी हसायची. त्या हसण्याचीसुद्धा मला किळस यायची.

आणि रात्री. क्लिनिकमधून फोन यायचा, आज आणि उद्या. तेवढंच. आम्ही जेवायचो, भांडी आवरायचो, बातम्या बघायचो आणि मग दोघांपैकी कुणीतरी उठून दिवा घालवायचं, जसं सकाळी कुणीतरी उठून दूध घ्यायला जातं. श्रीधर स्वभावाने मऊ माणूस. मी दुखावू नये म्हणून तो धडपडायचा आणि मला त्याच धडपडीचा राग यायचा. एकदा स्वयंपाक करताना त्याने सहज मागून खांद्यावर हात ठेवला. माझ्या मनात पहिला विचार आला, आता हाही तपासणार. तो हात मी झटकला नाही. पण त्याला कळलं. नंतर कितीतरी दिवस तो माझ्या अंगाला हात लावताना आधी घसा खाकरायचा.

इंजेक्शनं फ्रिजच्या दारात होती, कढीपत्त्याच्या डब्याशेजारी. पोटाची घडी चिमटीत धरून मी स्वतःच टोचून घ्यायची. पोटावर हिरवे-निळे डाग, त्यावर साडी, साडीवर कॉलेजचं ओळखपत्र. पोट फुगत गेलं. अंडी काढली, तीन गर्भ तयार झाले आणि माझं शरीर इतकं सुजलं होतं की ते गोठवून ठेवले. 'ठेवले' हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून रुळला. लोणच्याच्या बरणीबद्दल बोलावं तसं सगळे बोलायचे. हुबळीत ठेवलेत. अजून ठेवलेत. कधी ठेवणार.

चार वर्षांपूर्वी, सीगी हुण्णिमेच्या थोडंच आधी, त्यातला एक माझ्या आत ठेवला.

आत ठेवला म्हणजे राहिला असं नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी दोन भाषांत सांगितलं होतं. रक्त तपासेपर्यंत काही खरं नाही. तोवर रोज एक इंजेक्शन, तेलातलं. नर्स कुपी तळहातांत चोळून कोमट करायची, कारण तेल घट्ट असतं, सुईतून लवकर उतरत नाही. कुपीचं खोकं वाचायची मला सवय. औषध तिळाच्या तेलात होतं. ते तेल कंबरेखाली आत शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं. दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी झाल्या होत्या, बसलं की कळ मस्तकात जायची.

क्लिनिकने एक फोटो दिला होता. करड्या पार्श्वभूमीवर बुडबुड्यांचा एक गोळा. श्रीधरने तो मोबाइलवर घेतला आणि त्याच संध्याकाळी केलगेरीला जाऊन आईला दाखवला. माझ्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात, मुलगेसुद्धा. अक्कांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"तुझ्या अप्पांवर गेलंय," त्या म्हणाल्या.

माझे सासरे वारून दोन वर्षं झाली होती. श्रीधर हसायला लागला. "अक्का, हे नुसतं ठेवलंय. अजून काही नक्की नाही."

"आत ठेवलंय म्हणालास न्हवं? मग झालंच की. आता आणि काय व्हायचं राहिलं?"

मोबाइल त्यांनी देवघरात नेला आणि गणपतीपुढे उभा करून काचेवर हळदकुंकू वाहिलं. परत आणला तेव्हा त्याचा आवाज बंद पडला होता, बटणाच्या फटीत कुंकू गेलं होतं. तेव्हा मीही हसले होते. खोटं का बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

अक्कांची चूक मला तेव्हा समजली नाही. त्यांच्या काळात असा मधला टप्पाच नव्हता. बाईला दिवस गेलेत किंवा गेले नाहीत, एवढंच असायचं. आत ठेवलंय पण राहिलं नाही, असल्या अवस्थेला नाव नव्हतं, त्यामुळे नियमही नव्हता. त्यांनी आपल्या परीने नियम लावला. घरातली सून पोटुशी, त्यात जमिनीची ओटी भरायची पौर्णिमा. दोन पोटुश्या एका रांगेत बसवायच्या.

शेत आमचं नवलगुंदच्या रस्त्याला, काळ्या मातीचं. मिरची तांबडी होऊ लागलेली, कापसाची बोंडं उकलत होती, शाळूने नुकतंच डोकं वर काढलं होतं. मी गाडीतून उतरले तर बांधावर निम्मं गाव. शेजारच्या शेतांतल्या बायका, श्रीधरच्या आत्या, चुलत जावा. चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले, त्यांच्यापुढे जमिनीसाठी साडी-खण आणि त्याला लागूनच एक पाट. पाटाभोवती रांगोळी.

"बस ग," अक्का म्हणाल्या.

मी श्रीधरकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग मिरचीकडे. त्यालाही माहीत नव्हतं, हे मी तेव्हाही मानलं, आजही मानते. पण तो काही बोलला नाही.

मी बसले. दोन्ही गाठींतून कळ गेली. माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला आणि एकेक बाई येऊन घास भरवू लागली. तिळाची पोळी डोहाळ्याची म्हणून प्रत्येकीच्या हातून खायची. कुणाच्या बोटांना हळद, कुणाच्या तंबाखू. पोळीतला गूळ उन्हाने पातळ झालेला, तीळ दातांत अडकत होते, आणि माझ्या डोक्यात एकच विचार, की हेच तेल मागून सुईने घालताहेत आणि हेच पुढून तोंडाने. आत्याबाईंनी पोटावरून हात फिरवला. "दिसतंय की आत्ताच," त्या म्हणाल्या. दिसत होतं ते इंजेक्शनांनी आलेलं पोट. पण सगळ्यांनी मान डोलावली. शेजारी जमीन निमूट बसली होती. तिच्याही अंगावर कुंकू टाकत होते, तिलाही भरवत होते. तिला भूक आहे का, हे कुणी विचारलं नाही. त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला तिचाही राग आला. एवढी काळीभोर, आडवीतिडवी पसरलेली, सगळं मुकाट गिळते म्हणून तर यांना सवय लागली.

चरगा उधळत श्रीधर आणि त्याचा थोरला भाऊ लांब गेले. त्यांच्या हाका ऐकू येत राहिल्या. मी बांधामागे जाऊन सगळं ओकले. तेही बायकांनी शुभच धरलं.

पुढच्या आठवड्यात, रक्त तपासायच्या आदल्या सकाळी, कॉलेजच्या बाथरूममध्ये मला रक्त दिसलं. प्रयोगशाळेत मुलं अनुमापन करत होती. मी परत गेले आणि त्यांच्या मागे उभी राहून द्रावणाचा रंग बदलायची वाट बघितली.

ओटी परत कशी करायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे मुंजीपासून तेराव्यापर्यंत सगळ्याला रीत आहे, भरलेली ओटी परत करायची मात्र नाही. अक्का फोनवर म्हणाल्या, "असू दे घरात." तांदूळ मी पाखरांना घातले. हिरव्या बांगड्या साबण लावून नळाखाली काढल्या. नारळ ओट्याच्या कोपऱ्यात पडून राहिला. मला तो फोडवेना, टाकवेना. शेवटी एक दिवस घरभर घाण सुटली, उंदीर मेल्यासारखी. श्रीधरने नारळ अंगणात नेऊन फोडला. आत करडा, बुळबुळीत गोळा. तो फोटो मी पाहिलेला होता. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

बातमी पसरायला एक दिवस लागतो, पुसायला वर्ष पुरत नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी सुभाष रोडवर कुणी ना कुणी भेटायचं. ब्लाउजपीस बघत होते तर एक दूरची मावशी मागून आली आणि दुकानदारासमोर माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "कितवा ग?" मी म्हटलं, "मावशी, ही पोळी आहे. जिरलेली नाही अजून." ती हसली. तिला विनोद वाटला. मी कापड तिथेच टाकून बाहेर पडले.

नंतर दुसराही ठेवला. तोही गेला. त्या वेळी आम्ही कुणाला सांगितलं नाही, अक्कांनाही सगळं संपल्यावर कळलं, त्यामुळे निदान नारळ नव्हता.

आता एक उरलाय. या महिन्यात क्लिनिकमधून विचारणा झाली, ठेवायचा की काय करायचं. श्रीधरला आणखी एकदा करून बघायचं होतं. "शेवटचं," तो म्हणाला. मी नको म्हटलं. रात्री नको म्हटलं, सकाळी चहा पिताना नको म्हटलं. त्याने कपातला चहा तसाच ठेवला आणि अंघोळीला गेला. न्हाणीघरातला नळ खूप वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "ठीक आहे," म्हणाला. आणि कित्येक महिन्यांनी, घसा न खाकरता, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काल शेताला जाताना गाडीत तो म्हणाला, "आज अक्काला सांगू नको. सणाचा दिवस आहे." मला सांगायचं नव्हतंच. पण उतरले तर पाच दगडांशेजारी पाट मांडलेला. बायका या वेळी थोड्याच, वैनी आणि दोघी-तिघी. अक्का नारळ घेऊन उभ्या.

"बस मेघा. भुईसंगं बसलीस म्हणजे या खेपेला..."

"माझी ओटी भरू नका, अक्का," मी म्हटलं. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षी पण नाही. आम्ही थांबलोय. मी थांबवलंय."

वैनींच्या हातातलं पळी-पंचपात्र तसंच राहिलं. श्रीधर पुढे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. या वेळी त्याने मिरचीकडे बघितलं नाही.

अक्कांनी नारळ खाली ठेवला, पाट उचलून बाजूला केला. एकटीनेच जमिनीची ओटी भरली, आरती केली. मी सगळ्या टोमण्यांची तयारी करून उभी होते. उत्तरंही तयार होती, चार वर्षं घोकलेली. पूजा आटोपून त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि माझ्याजवळ आल्या.

"ते एक हाय न्हवं अजून? हुबळीत?"

"हो."

"गार असतंय म्हणाला श्री तिथं. लई गार." त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. "थंडी वाजत असंल की ग त्याला."

तिथे किती गार असतं ते मला अंशांत ठाऊक आहे, दर वर्षी मुलांना शिकवते. "नाही अक्का," मी म्हटलं. "त्याला काही कळत नाही. झोपल्यासारखं असतं."

"खरं?"

"खरं."

"बरं," म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं.

मग चरगा सुरू झाला. दोघे भाऊ हाका घालत शेताला फेरी मारून आले. टोपलीच्या तळाशी थोडं उरलं होतं, भात, भाकरीचे तुकडे, तीळ. चरगा पुरुषांनी टाकायचा असतो, पण अक्कांनी श्रीधरच्या हातातून टोपली घेतली. त्या शाळूच्या कडेला गेल्या, उन्हात डोळे बारीक करून रस्ता कुठल्या अंगाला वळतो ते बघितलं आणि राहिलेलं सगळं मुठीत घेऊन हुबळीच्या दिशेने टाकलं. हाक घातली नाही. घास भरवताना आपण ओठ हलवतो, तसे नुसते ओठ हलवले.

मी तयार होते, आता पोटातून ढवळून येईल म्हणून. आलं नाही. जे आलं ते रडू होतं, आणि मी ते येऊ दिलं. चार वर्षांत सगळ्यांनी मला धीर दिला होता, आशा दिली होती, काढे दिले होते. जे गेलं त्याच्यासाठी कुणी घासभर अन्न बाजूला काढलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

अक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना तीळ चिकटले होते. मी तांब्यातलं पाणी त्यांच्या हातांवर घातलं. मग बांधावर सगळे जेवायला बसलो. त्यांनी माझं पान वाढलं, दहीभात, वांगं, भाकरी. तिळाची पोळी वाढली नाही.